विश्लेषण : गाडीवरचा ओरखडा घरच्या घरी काढता येतो? किनाऱ्यावर घाई का करावी लागते?

आगरदांडा ते दिघी हा राजपुरी खाडीतला फेरीबोटीचा प्रवास काही मिनिटांचा. मुरूडहून दिवेआगर-श्रीवर्धनला जाताना खाडीचा मोठा वळसा वाचतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर गाड्यांची रांग लागते. बोटीत गाड्या खेटून उभ्या असतात. शेजारच्या गाडीचे दार लागते, दुचाकीचे हँडल घासते. बोटीत वाचलेली गाडी गावातल्या अरुंद वळणावर जांभ्याच्या गडग्याला घासते. नुकसान बोटभर असते, पण रंगाची छटा जुळावी म्हणून गॅरेजमध्ये बहुतेकदा अख्खे पॅनेल रंगवले जाते आणि बिल काही हजारांवर जाते. असे किरकोळ काम घरी करता येते. मात्र, ओरखडा किती खोल आहे हे आधी पाहावे लागते.

नख अडकते का?

गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी. जागा धुऊन, कोरडी करून ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही आणि पाणी मारल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर इजा क्लिअर कोटपुरती आहे. रबिंग कंपाउंड मऊ मायक्रोफायबर कापडावर घेऊन हलक्या हाताने घासावे, नंतर पॉलिश करावे. दुसऱ्या गाडीचा रंग नुसता चिकटला असेल, तर तोही यानेच निघतो. टूथपेस्टचा उपाय मोबाइलवर फिरत असतो. तीत बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी पुसट रेषा जाते. त्यापलीकडे तिचा उपयोग नाही. तेल किंवा केरोसीन लावल्यावर ओरखडा गेल्यासारखा वाटतो, पण गाडी धुतली की तो पुन्हा हजर.

नख अडकले आणि आत राखाडी किंवा पांढरा प्रायमर दिसला, तर टच-अप पेन लागते. ते रंगाच्या नावावरून घेऊ नये, कारण ‘पांढऱ्या’च्याही अनेक छटा असतात. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असलेल्या पट्टीवर बहुतेक गाड्यांचा रंगाचा कोड मिळतो.

पत्रा उघडा पडला तर?

इथे किनाऱ्यावरच्या आणि घाटावरच्या गाडीत फरक पडतो. खाऱ्या हवेतले मीठ ओलावा धरून ठेवते आणि त्यातले क्लोराइड गंजाचा वेग वाढवते. गंज रंगाखालून पसरतो, वर फुगवटा दिसेपर्यंत आत बरेच खाल्लेले असते. त्यामुळे ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ हे धोरण आगरदांड्यात महागात पडते.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवावे. गंज दिसत असेल, तर तेवढ्याच जागी 400 नंबरचा वॉटर पेपर मारून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे. राहिलेल्या खड्ड्यांसाठी रस्ट कन्व्हर्टर वापरावा. मग प्रायमर, रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि शेवटी क्लिअर कोट. प्रत्येक हात डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्यावा. बहुतेकांची घाई इथेच नडते. जाड एकच हात दिला की रंग ओघळतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंगावर पांढरट झाक येऊ शकते, म्हणून हे काम कोरड्या दिवशी, सावलीत करावे. पाऊस थांबत नसेल, तर निदान प्रायमर लावून पत्रा झाकावा. घासताना मास्क हवा आणि रंगाजवळ विस्तव नको.

बंपरचे प्रकरण वेगळे

बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज लागत नाही. आत गेलेला भाग उकळते पाणी ओतून मऊ करावा आणि जाड हातमोजे घालून आतून ढकलावा; लगेच थंड पाणी ओतले की आकार टिकतो. ही युक्ती पत्र्यावर चालत नाही. बंपर चिरला असेल, तर प्रयोग करू नये.

विमा घ्यावा का?

किरकोळ कामासाठी बहुतेकदा नाही. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला दाव्यातले पहिले 1,000 रुपये, त्यावरील गाडीला 2,000 रुपये मालकालाच भरावे लागतात. साध्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसाराही कापला जातो. त्याहून मोठा तोटा ‘नो क्लेम बोनस’चा. दावा न केल्यास पहिल्या वर्षी 20 टक्के आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत वाढणारी ही सवलत एका दाव्याने सहसा शून्यावर येते. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 8,000 रुपये आणि बोनस 50 टक्के असेल, तर पुढच्याच नूतनीकरणात 4,000 रुपये जास्त जातात.

दाराची फट वाकडी झाली, पत्र्याला धारदार घडी पडली किंवा दिव्याची चौकट हलली, तर गॅरेजच गाठावे. नव्या गाड्यांत काही वेळा बंपरमागे रडार असते. त्याच्यासमोर पुट्टी किंवा रंगाचे जादा थर चढले, तर ते पुढचे वाहन चुकीचे ओळखू शकते. अशा बंपरला हात लावण्याआधी गाडीची पुस्तिका पाहावी.