कुकीचा बिल्ला आणि आपला होकार

देवळाबाहेर चपला ठेवल्या की पत्र्याचा एक बिल्ला मिळतो. तो दाखवला की राखणदार नेमका आपलाच जोड काढून देतो. आपलं नाव-गाव त्याला ठाऊक नसलं तरी अडत नाही. संगणकावरची 'कुकी' म्हणजे असाच बिल्ला. नावावर जाऊ नका, खाण्याशी तिचा काही संबंध नाही.

संकेतस्थळाला मुळात स्मरणशक्ती नसते. पान मागितलं, दिलं, विसरलं. मग खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर टिकणार कशी? १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने तोड काढली. संकेतस्थळाने एक छोटीशी खूण ब्राउजरकडे ठेवायला द्यायची आणि ब्राउजरने पुढच्या प्रत्येक वेळी ती दाखवायची.

इथवर सगळं सरळ. गोम पुढे आहे. पानावरची जाहिरात बहुधा तिसऱ्याच कंपनीकडून येते आणि तीही आपला बिल्ला अडकवून जाते. तीच कंपनी बातम्यांच्या, औषधांच्या, प्रवासाच्या पानांवर हजर असते. सकाळी मधुमेहाविषयी वाचणारा आणि दुपारी विम्याची चौकशी करणारा एकच, हे तिला कळतं. तेही नाव न विचारता! (सफारी ब्राउजर २०२० पासून असे परके बिल्ले मुळातच घेत नाही.)

म्हणून युरोपीय संघाने २००९ मध्ये नियम बदलला: अत्यावश्यक कुकी सोडून बाकीच्यांसाठी आधी संमती घ्या. त्यातूनच पडद्यावरच्या त्या पाट्या आल्या. पण संमती कशाला म्हणायचं? एका जर्मन सोडतीच्या पानावर चौकटीत होकाराची खूण आधीच करून ठेवलेली होती. ग्राहक संघटना न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, ही संमती नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण होकार एका टिचकीत, नकाराला मात्र अनेक टिचक्या. मला विचाराल तर दंडाच्या रकमेपेक्षा हे कारण मोलाचं.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही. पण संमती मोकळेपणाने, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी आणि ती मागे घेणंही तितकंच सोपं हवं, असं तो म्हणतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीच्या तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे, हेही त्यात आहे. ती 'मान्य'च्या बटणाइतक्या ठळक अक्षरांत येते का, हे मी पाहणार आहे.