एमसीबी पडला, पण कळवणार कोण?

गणपतीला सात दिवस गावी राहून आम्ही पुण्याला परतलो. दार उघडताच वास आला. फ्रिज बंद होता आणि आतलं सगळं नासलं होतं. आईच्या इन्सुलिनचा महिन्याचा साठा किती दिवस उबेत पडून होता, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून तोही टाकून द्यावा लागला. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. शेजारी वीज होती. आमच्या बोर्डातला स्वयंपाकघराचा एमसीबी तेवढा खाली आला होता. फ्रिजच्या पिनला स्मार्ट प्लग लावलेला, त्याचं अ‍ॅप माझ्या मोबाइलवर, तरी सात दिवसांत एकही सूचना आली नव्हती.

चूक माझ्या समजुतीत होती. नंतर ज्यांच्याशी बोललो, त्यातल्या बहुतेकांची समजूत माझ्यासारखीच निघाली. म्हणून हे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज 1 : वीज गेली की स्मार्ट प्लग आपणहून मेसेज पाठवतो.

वस्तुस्थिती : प्लग त्याच विजेवर चालतो. एमसीबी पडला की प्लगही त्याच क्षणी बंद पडतो, मग मेसेज पाठवणार कसा? बेशुद्ध पडलेला माणूस स्वतः फोन करत नाही. तो हाकेला ओ देत नाही, यावरून घरच्यांना कळतं. इथंही तसंच आहे. दुसऱ्या कुणीतरी प्लगला सतत हाक मारत राहायला हवं आणि ओ आली नाही की बोंब ठोकायला हवी. हे काम कंपनीचा सर्व्हर करू शकतो किंवा घरातला छोटा हब. काही अ‍ॅपमध्ये ‘उपकरण ऑफलाइन झाल्यास सूचना द्या’ असा पर्याय असतो, पण तो आपण शोधून चालू करावा लागतो. होम असिस्टंटसारख्या मोफत प्रणालीत असं उपकरण ‘अनुपलब्ध’ दिसतं आणि त्यावरून मेसेज पाठवण्याचा नियम लिहिता येतो.

हे तत्त्व इंटरनेटच्या आधीपासूनचं आहे. विजेनं ओढून धरलेला रिले वीज जाताच सुटतो आणि बॅटरीवरची घंटा वाजवतो. बंद शेडच्या पोल्ट्रीत पंखे थांबले, तर उन्हाळ्यात थोड्या वेळात कोंबड्या मरू लागतात. तिथं अशी घंटा लागतेच.

गैरसमज 2 : मेसेज आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

वस्तुस्थिती : राउटरही बंद पडला असेल, तर घरातला हब कितीही जागा असला तरी बाहेर निरोप जाणार नाही. म्हणून राउटर, फायबरचा डबा आणि हब हे तिन्ही इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर हवेत. त्याहून पक्की व्यवस्था म्हणजे घराबाहेरच्या एखाद्या सेवेला हबने ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असं कळवत राहणं. ते कळवणं थांबलं की ती सेवा तुम्हाला सांगते. उलट, वायफाय क्षणभर तुटलं तरी प्लग गायब दिसतो. पाच-दहा मिनिटं वाट पाहून मग सूचना द्यावी, म्हणजे खोट्या सूचनांना कंटाळून आपण खरी दुर्लक्षित करत नाही.

गैरसमज 3 : घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वीज गेलेली लगेच कळते.

वस्तुस्थिती : इन्व्हर्टरमुळे बिघाड अनेकदा झाकला जातो. दिवे-पंखे चालू राहतात, पण फ्रिज बहुधा इन्व्हर्टरवर नसतो. मुख्य आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडला तरी घरचे ‘लाइट गेली असेल’ म्हणून स्वस्थ बसतात, आणि बॅटरी संपल्यावर शेजारचा उजेड पाहून शोध सुरू होतो. न उघडलेला फ्रिज सुमारे चार तासच पुरेसा थंड राहतो. खच्चून भरलेला फ्रीझर साधारण 48 तास तग धरतो. सूचना हवी ती या वेळात.

गैरसमज 4 : प्लगवर युनिट मोजण्याची सोय आहे. वापर शून्य दिसला की एमसीबी पडला असं समजावं.

वस्तुस्थिती : फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप बंद-चालू होत असतो. तो थांबला की वापर जवळजवळ शून्यावर येतो, आणि ते अगदी नैसर्गिक आहे. वायरीत वीज आहे की नाही हे पाहायचं, किती वापरली जाते ते नाही. म्हणून स्मार्ट प्लग फ्रिजच्या वाटेत न लावता त्याच सर्किटच्या शेजारच्या सॉकेटमध्ये रिकामाच लावून ठेवावा. याचा आणखी एक फायदा आहे. काही प्लग वीज परतल्यावर ‘बंद’ स्थितीतच राहतात, आणि मग रक्षणासाठी लावलेला प्लगच फ्रिज बंद ठेवतो; तो धोका इथं राहत नाही. सॉकेट शेजारी असलं तरी सर्किट एकच असेल असं नाही, हे एमसीबी पाडून पाहावं.

गैरसमज 5 : लाइट जाणं आणि एमसीबी पडणं यातला फरक लांबून कळत नाही.

वस्तुस्थिती : वेगवेगळ्या सर्किटवर दोन प्लग ठेवले की बरंच कळतं. राउटर बॅटरीवर जिवंत आहे आणि स्वयंपाकघराचा एकच प्लग गायब आहे, तर एमसीबी पडलाय. दोन्ही गायब असतील, तर एक तर बाहेरूनच वीज गेली किंवा घरचा आरसीसीबी पडला. मग शेजाऱ्यांना एक फोन करावा. त्यांच्याकडेही वीज नसेल तर 1912 वर तक्रार, असेल तर किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना निरोप.

गैरसमज 6 : एमसीबी सारखा पडतो, म्हणजे तो कमजोर आहे, मोठा बसवावा.

वस्तुस्थिती : एमसीबी भिंतीतल्या वायरीला जपतो. त्यात दोन यंत्रणा असतात. शॉर्टसर्किट झालं तर चुंबकीय कॉइल त्याला क्षणात पाडते. जादा भार असेल, तर द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि मग तो पडतो. 16 अँपिअरच्या घरगुती एमसीबीतून 23 अँपिअरच्या थोडा वर करंट सतत वाहिला, तर तो तासाभरात पडायलाच हवा. त्याजागी 32 अँपिअरचा बसवला आणि वायर तीच ठेवली, तर आधी वायर तापेल. सूचना वारंवार येऊ लागल्या, तर तो वायरमनला बोलावण्याचा इशारा समजावा.

गैरसमज 7 : एमसीबी आहे, म्हणजे शॉकची भीती नाही.

वस्तुस्थिती : माणसाचा जीव जायला जेवढा करंट पुरतो, तेवढ्यानं एमसीबी हलतही नाही. ते काम आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत फरक पडला, की कुठंतरी गळती आहे हे तो ओळखतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा वापरतात, आणि एवढी गळती होताच त्यानं 0.3 सेकंदाच्या आत वीज तोडायला हवी. पावसाळ्यात ओलावलेलं बाल्कनीतलं सॉकेट किंवा गीझरची खराब कॉइल यांमुळं तो पडतो, तेव्हा त्याला शिव्या देऊ नयेत. त्यानं कदाचित कुणाचा तरी जीव वाचवलेला असतो.

गैरसमज 8 : मोबाइलवरून एमसीबी पुन्हा चालू करता आला, की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : अशी साधनं बाजारात मिळतात, पण तो का पडला हे लांबून दिसत नाही. वायर जळालेली असेल, पाणी शिरलेलं असेल, कुणी दुरुस्ती करत असेल. शेतात पंपाला लावलेल्या ऑटोस्विचचा अनुभव पाहा : वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो. म्हणून महावितरण ते काढायला सांगते. आपोआप चालू होणं सोयीचं वाटलं, तरी ते सुरक्षित असतंच असं नाही. सूचना लांबून घ्यावी, पण बटण जागेवर जाऊन, कारण शोधूनच वर करावं.

या सगळ्यासाठी बोर्ड बदलावा लागत नाही. दोन साधे प्लग आणि राउटरला बॅटरीचा आधार एवढ्यानं सुरुवात होते. एमसीबीला जोडायचे सूचना-संपर्कही मिळतात, पण ते परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावेत.

पण विकत आणलेल्या कुठल्याही व्यवस्थेवर न तपासता विसंबू नका. मी विसंबलो होतो. पुढच्या वेळी गावी निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिजचा एमसीबी स्वतः खाली करा आणि दहा मिनिटं मोबाइल हातात धरून थांबा. मेसेज आला, तर एमसीबी वर करा, आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण एकदा दाबून तो पडतो का ते पाहा, पुन्हा वर करा आणि निर्धास्त निघा. मेसेज आला नाही, तर किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन जा.