इंदुरी शेवेचा प्रवास

फराळाच्या ताटातली इंदुरी शेव मुंबईस येते ती मालमोटारीने. अंतर सहाशे किलोमीटरच्या आत. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे तीन दिवसांची मुदत मिळते. शिवाय कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठच तास! तेव्हा शहाणा मालक सेंधव्याला मुक्काम ठरवतो. तिथेच ब्रेक तपासायचे आणि बिजासन घाट सकाळी, झोप झालेल्या डोळ्यांनी, खालच्या गिअरमध्ये उतरायचा. (पुढे कसारा आहेच.) पण व्यापाऱ्याला माल उद्याच हवा असतो, खरे सांगायचे तर आपल्यालाही. ४ जुलै २०२३ रोजी घाटाखाली पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. माणसे हकनाक गेली.