अर्ध्यावरची गोधडी

मी कविता लिहितो, त्यामुळे अर्धवट कामांचा मला दांडगा अनुभव आहे. माझ्या वह्यांत पहिल्या ओळी भरपूर आहेत. पण कागदावरची ओळ दहा वर्षं पडून राहिली तरी कोणाचं अडत नाही. गोधडीचं तसं नाही.

ज्या महाराष्ट्राने गाडगेबाबांना गोधडे महाराज म्हटलं, तिथे गोधडीची ओळख वेगळी करून द्यायला नको. आमचं आंधळगाव भंडारा जिल्ह्यातलं, कोशाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं. त्यामुळे पाहुण्यांना वाटतं, इथे गोधड्याही रेशमाच्या असतील. तसं नसतं. गोधडीला लागतं जुनं सुती लुगडं, शंभरदा धुतलेलं. नव्या कापडात खळ असते, ते पाण्यात आटतं, तान्ह्या बाळाच्या अंगाला टोचतं. जुनं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं. बाळासाठी आजी-पणजीचं लुगडं निघतं, त्यात मायेइतकाच हा हिशेबही असतो.

२०१९ च्या हिवाळ्यात माझ्या मुलीकडून गोड बातमी आली, तेव्हा अम्माने आपली दोन लुगडी काढली. ती फाडून, घड्या करून ओसरीवर अंथरली. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवलं, हाताने सुरकुत्या काढल्या आणि लांब लांब कच्चे टाके घातले. मग खरी शिवण. कडेपासून सुरुवात करायची, बोटभर अंतर सोडत एकात एक चौकोन घेत मध्याकडे यायचं. टाका साधाच, धावदोऱ्याचा. थर एकमेकांना धरून राहतात ते त्या टाक्यामुळे आणि थरांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब राहते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मजेत जातात. मधले दिवस कंटाळ्याचे. तेच कापड, तोच टाका, आणि पूर्ण झाल्याचा पत्ता नाही.

अम्मा कंटाळली नाही. ती गेली. गोधडी अर्ध्याहून थोडी पुढे आली होती. सुई कापडात टोचलेलीच होती. आम्ही ती तशीच घडी करून पेटीत ठेवली. नात जन्मली, तिला बाजारातलं दुपटं मिळालं. पेटी उघडायचं धाडस मला अनेक वर्षं झालं नाही.

अर्धी गोधडी ही मोठी विचित्र वस्तू. तिच्यापायी लुगडी तर गेली, आणि पांघरूणही झालं नाही. कच्च्या टाक्यांवर ती धुतली तर आतले थर सरकून एका बाजूला गोळा होतात. आमच्या गावच्या मागावर वेगळं चालतं. एक ताणा संपला की विणकर त्याची टोकं फणीतच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधतो. तिथे शेवटातच पुढची सुरुवात असते. गोधडीला मात्र शेवट करावाच लागतो. पश्चिम महाराष्ट्रात काही बायका मधला शेवटचा तुकडा शिवण्याआधी आत भाकरीचा कण ठेवतात, त्याला घास म्हणतात. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत. कवंदीच्या चार कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं लागल्याशिवाय ती त्यांच्या लेखी उघडीच. काम कुठे संपलं हे ठरवून टाकायची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. कवितेत असा त्रिकोण नसतो, म्हणून आम्ही खोडत बसतो.

गेल्या थंडीत मी पेटी उघडली. सुई गंजली होती, तिचा डाग पडला होता. माझा पहिलाच टाका इतका वाकडा आला, की ओळ सरळ दिसावी म्हणून मी अम्माचेही चार टाके उसवायला घेतले. शेजारच्या काकूंनी हात धरला. त्यांचं आयुष्य मागावर गेलेलं. म्हणाल्या, "उसवू नका जी भाऊ. मायच्या हातचे टाके आहेत थे. तुमचे तुमच्यासारखे येऊ द्या."

तसेच आले. अम्माची शिवण कुठे थांबली आणि माझी कुठे सुरू झाली, हे आंधळ्यालाही बोटांनी कळेल. रोज रात्री बातम्यांनंतर दोन ओळी, असा नेम ठेवला. डोळे दुखत, अंगठ्याला भोकं पडत. अडीच महिने लागले. शेवटच्या चौकोनात मी भाकरीचा कण ठेवला की नाही, हे मी सांगणार नाही. आमच्याकडे तशी रीत नाही.

नात आता शाळेत जाते. तिने गोधडी अंगावर घेतली आणि म्हणाली, "नाना, पाय बाहेर राहतात." राहणारच. ती तान्ह्या बाळाच्या मापाची होती. पायाकडे हातभर पट्टी जोडायची असं आता ठरलं आहे. तिच्या आईची जुनी ओढणी मी काढून ठेवली आहे. सुई अजून ओवलेली नाही.