परत न केलेली कॅसेट

परवा सकाळी दाढी करत होतो. माझ्या जुन्या कॅसेटी नातवानं संगणकावर उतरवून फोनमध्ये भरून दिल्या आहेत. 'आजोबा, शफल दाबा. तुमच्या मनात नसेल तेच लागेल,' असं तो म्हणाला होता. झालंही तसंच. कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन संपलं आणि पाठोपाठ इलेक्ट्रिक गिटार कडाडली. लॅरी नॉर्मन! हात गालावर तसाच थांबला.

१९८६ साली माझी बदली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाली. शाखेतला तरुण रोखपाल दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवी. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं अमेरिकेहून आणलेल्या दोन कॅसेटी एके दिवशी माझ्या टेबलावर आल्या. 'साहेब, ऐका तरी. हीसुद्धा भजनंच आहेत.'

भजनं? मी चकितच झालो. पण होती खरी. साठीच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातली लांब केसांची, अनवाणी हिप्पी पोरं येशूकडे वळली, ती आपापल्या गिटारी घेऊनच. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपेलनं त्यांना दार उघडलं. इतर अनेक ठिकाणी मात्र रॉक म्हणजे सैतानाचं वाद्य, असंच समीकरण होतं. नॉर्मनची पहिली स्वतंत्र तबकडी १९६९ साली निघाली. पुढे १९७२ च्या तबकडीत त्यानं उलटा सवाल केला, चांगल्या संगीताची मालकी सैतानाकडे दिली कोणी? धार्मिक पुस्तकांच्या कित्येक दुकानांनी त्याच्या तबकड्या ठेवल्या नाहीत. तीच १९७२ ची तबकडी २०१४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करण्याच्या यादीत घेतली.

दुसरी कॅसेट होती कीथ ग्रीनची. पियानोवर तुटून पडणारा हा गायक. त्याची हकीकत कळली तेव्हा माझ्यातला बँक अधिकारी अस्वस्थ झाला. १९८० साली यानं राहतं घर गहाण टाकून तबकडी काढली आणि किंमत ठेवली, ज्याला जी परवडेल ती! काही नसेल तर फुकट. असा कर्जाचा प्रस्ताव माझ्याकडे आला असता, तर मी दुसऱ्या पानावर जाण्याआधीच नामंजूर केला असता. १९८२ च्या जुलैत टेक्सासमध्ये विमान अपघातात तो गेला. वय अवघं अठ्ठावीस.

एका संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर रोखपालानं गिटार आणली. स्वतः रचलेलं मराठी भजन त्याच ढंगात म्हणून दाखवलं. म्हणाला, 'मंडळीतले वडीलधारे नको म्हणतात. साहेब, तुम्ही लिहिता. तुम्ही सांगा.'

मी सांगितलं. 'उपासनेत असला धांगडधिंगा शोभत नाही.'

त्यानं मान हलवली, गिटार खोळीत घातली. पुन्हा कधी ती शाखेत आणली नाही. वर्षभरात माझी बदली झाली. कॅसेटी माझ्याकडेच राहिल्या.

आज लाज वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. ज्या गावात मी हे बोललो, त्याच गावात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत आणली होती, कीर्तनाला उभी केली होती. टिळकांचा मी भक्त. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर किती वेळा वाचली! माणूस देवाशी आपल्या सुरात बोलतो, हे मला टाळ-मृदंगाच्या बाबतीत पटत होतं. गिटार आली आणि मी पंच होऊन बसलो. कॅलिफोर्नियातल्या त्या सोवळ्या दुकानदारांत आणि माझ्यात फरक तो काय?

परवा खटपट करून त्याचा नंबर मिळवला. तोही आता निवृत्त झाला आहे.

'तुमच्या कॅसेटी माझ्याकडे राहिल्यात,' मी म्हणालो.

तो हसला. 'राहू द्या, साहेब. लावायला टेपरेकॉर्डर कुणाकडे आहे आता?'

मुलाबाळांची चौकशी झाली, पेन्शनच्या गप्पा झाल्या. गिटारीचा विषय त्यानं काढला नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही.