फेअरबँक्स गृह : एका आद्य वसाहतकालीन वास्तूची रचना व जतन

प्रस्तावना :
अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डेडम येथील फेअरबँक्स गृह ही उत्तर अमेरिकेतील लाकडी सांगाड्याची सर्वांत जुनी शिल्लक वास्तू मानली जाते. इंग्लंडमधील यॉर्कशायरहून आलेल्या जोनाथन फेअरबँक्स व त्याची पत्नी ग्रेस यांच्या कुटुंबासाठी ती उभारली गेली. डेडमची वसाहत १६३६ मध्ये मॅसॅच्युसेट या मूलनिवासी जमातीच्या भूमीवर वसली. प्रस्तुत लेखात या वास्तूची रचना, तिचा कालनिर्णय आणि तिच्या जतनामागील भूमिका यांचा विचार केला आहे.

वास्तुरचना :
मूळ घर दोन मजली असून त्याच्या मध्यभागी विटांचे भव्य धुरांडे आहे. दारातून आत येताच समोर हे धुरांडे लागते. त्याच्या एका बाजूस स्वयंपाक व नित्य व्यवहाराची खोली, तर दुसऱ्या बाजूस बैठकीची खोली आहे. एकाच धुरांड्यामुळे दोन्ही खोल्यांना ऊब मिळे. कडक हिवाळ्याच्या त्या प्रदेशात ही योजना सोयीची होती. सांगाडा ओक लाकडाचा आहे. एका तुळईच्या टोकाची कूस दुसरीत कोरलेल्या खाचेत बसवून त्यात लाकडी खुंटी ठोकण्याची इंग्लंडमधील सुतारांची पद्धत येथे दिसते. पुढील काळात मागील बाजूस उतरत्या छपराची पडवी आणि दोन्ही बाजूंस दुहेरी उताराच्या छपरांचे भाग जोडले गेले.

कालनिर्णय :
या घराचे बांधकामवर्ष परंपरेने १६३६ सांगितले जात असे. वृक्षवलयांच्या अभ्यासातून मात्र ते १६३७ ते १६४१ या काळात बांधले गेल्याचे निष्पन्न झाले. तुळईवर सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असल्यास झाड कोणत्या वर्षी तोडले ते निश्चित करता येते. ओकचे लाकूड ओले असतानाच घडविण्याची प्रथा असल्याने वृक्षतोड व बांधकाम यांत सहसा फारसे अंतर नसे. मूळ तुळया काढून तेथे नव्या बसविल्या असत्या, तर हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता.

जतनाची भूमिका :
फेअरबँक्स कुटुंबाच्या आठ पिढ्या या घरात राहिल्या. १९०४ मध्ये वंशजांच्या संस्थेने ते विकत घेतले व पुढे तेथे संग्रहालय चालविले. १९६० मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा लाभला. जतन करताना नंतरची बांधकामे पाडून सतराव्या शतकातील 'शुद्ध' रूप घडविण्यात आले नाही. परिणामी कुटुंबाच्या गरजांनुसार घर कसे वाढत गेले, याचा क्रमही वास्तूत वाचता येतो.

निष्कर्ष :
जुन्या वास्तूचे मूल्य केवळ तिच्या बाह्य रूपात नसते. मूळ साहित्य, सांधे आणि कालौघात पडलेली भर हीच इतिहासाची साधने होत. वास्तू नव्यासारखी दिसावी म्हणून ही साधने काढून टाकल्यास रूप उरते, पुरावा उरत नाही. जतनकार्याचा विचार करताना हा भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे.