माळावर मुलांना नेताना

मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो गाडीभाड्याचा. कोणी महाबळेश्वर सुचवतो, कोणी ताडोबा. वर्गणी ठरते आणि निम्मी मुले तिथेच गळतात. शाळेच्या कुंपणापासून सुरू होणारा माळ मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतो. "तिथं काय बघायचं? नुसती कुसळं!" असे गावकरीच म्हणतात.

आता दोन मापे सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. ते 1980 साली झाले. त्याचा विस्तार अवघा 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरांच्या आतबाहेर. बारामती तालुक्यातले सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 चे. तिथे चिंकारा आहे, आणि जागा 5.14 चौरस किलोमीटर. ही दोन्ही मुख्यतः माळरानेच आहेत, आपल्या गावच्या माळासारखी. फरक एवढाच, की तिथे काय आहे ते कोणीतरी पाहिले आणि दुसऱ्याला दाखवले.

हा दाखवणारा माणूस प्रत्येक गावाला हवा. त्याला पदवी लागत नाही. महिन्यातून दोन सकाळची सवड हवी आणि गप्प राहता आले पाहिजे. दुसरी गोष्ट आपल्या शिक्षक मंडळींना जरा जड जाते! मुलाने पक्षी पाहिला रे पाहिला की आपण त्याचे नाव सांगून मोकळे होतो आणि मुलाचे बघणे तिथेच थांबते. त्याऐवजी विचारावे, "चालतोय कसा? उड्या मारतोय की पावले टाकतोय?" धाविक पक्षी चार पावले तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. मुलांनी एवढे स्वतः टिपले, की 'धाविक' हे नाव आपण सांगण्याआधीच त्यांच्या तोंडी येते.

माळावर सर्वांत चांगली शिक्षिका म्हणाल तर टिटवी. उन्हाळा लागला की ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या उथळ खळग्यात अंडी घालते, बहुधा चार. रंग असा की दोन हातांवर असली तरी दिसू नयेत. ऊन तापले की ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. आपल्याकडे म्हणतात, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस मोठा आणि खोलगटात घातली तर कमी. खरे की खोटे? वर्गात वाद घालू नका. जागा उंच होती की सखल, ते मुलांना वहीत लिहू द्या. पावसाळा सरल्यावर त्याच पानावर तालुक्याच्या पावसाचा आकडा मांडा. पाच-सहा वर्षांची पाने जमली म्हणजे मुलेच काय ते सांगतील.

पण इथेच सांभाळायला हवे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, की समजावे आपण फार जवळ आलो. तशीच मागे पावले घ्यावीत. अंड्यांना हात नाही, भोवती कडे करून उभे राहणे नाही, मोबाइलवर फोटोही नाही. आपण तिथे रेंगाळलो तर तेवढा वेळ पक्षी अंड्यांवर बसत नाही. वैशाखाच्या उन्हात अंडी नासायला फार वेळ लागत नाही, आणि कावळा तर टपलेलाच असतो. म्हणून एका मोठ्या माणसामागे पंधरापेक्षा जास्त मुले नेऊ नयेत. पायांत वहाणा, जवळ पाणी, बिळात किंवा वारुळात हात घालायचा नाही. सूर्य उगवताना निघावे आणि नवाच्या आत परतावे.

थंडीत माळाचे रूप पालटते. मध्य आशियाकडून भोवत्या येतात. ही शिकारी पाखरे गवतावरून अगदी खालून तरंगत जातात, नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर वस्ती करतात. तिकडे खोकडही उंदरांवरच असते. शेतकऱ्याच्या पोराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि एक. गावातला मेंढपाळ वर्षाचे कितीतरी दिवस ह्या माळावर काढतो. लांडगा कुठून येतो, पवन्या गवत कधी पिवळे पडते, पखुर्ड्या सकाळी कोणत्या पाणवठ्यावर उतरतात, हे त्याला ठाऊक असते. त्याला एक दिवस पुढे चालू द्या. आपण मुलांबरोबर मागून चालावे.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. सरकारदरबारी आणि आपल्या बोलण्यातही माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हटली की तिथे मुरूम काढता येतो, कचरा टाकता येतो. चांगल्या मनाची माणसेही तिथे खड्डे घेऊन दाट झाडे लावतात. झाड चांगलेच, ते शाळेच्या आवारात लावा, ओढ्याकाठी लावा. पण धाविक, चिंकारा, माळढोक यांना दूरवर नजर जाईल अशी मोकळी जमीन लागते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झाले, तरी आज तिथे माळढोक दिसणे दुर्मिळ झाले आहे.

इथे मुलांची वही कामी येते. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक व्यवस्थापन समिती असते आणि गावची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली. ती मागून घ्या. तारीख, वेळ, जागा आणि काय पाहिले, एवढ्या चार रकान्यांची मुलांची टिपणे समितीपुढे ठेवा, ग्रामसभेत एखाद्या मुलीला वाचू द्या. माळावर काही खोदायचे ठरत असेल, तर त्याआधीच्या सभेत वाचू द्या.

सुरुवात केव्हा करावी? 5 नोव्हेंबर हा अरण्यअभ्यासक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा. 2020 पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तेव्हा गवत वाळत आलेले असते आणि भोवत्या उतरलेल्या असतात. आदल्या दिवशी एकट्याने माळावर एक फेरी मारून या. वाट कुठे निसरडी आहे आणि मुलांना सावलीत कुठे बसवता येईल, ते पाहून ठेवा.